आधी दोन घास



काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत, नुसती झोप येते." आणि लाजल्यासारखी गप्प झालीस. लाजू नकोस. जावईबापूंचं डायलिसिस सुरू होऊन तीन वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास. किडनीसाठी यादीत नाव लावलंय आणि अवेळी फोन वाजला की तुझं काळीज धडधडतं. एवढं ओढल्यावर झोप येणार नाही तर काय होणार? तुझे काका अर्धांगवायूने अकरा वर्षं अंथरुणात होते. पहिली दोन वर्षं मी मोठ्या उमेदीने काढली. उरलेली नऊ कशी काढली, ते सांगते. फोनवर माझा आवाज कापतो, म्हणून लिहून देते.

संडेस्कूलमध्ये आपण मुलांना एलीयाच्या कर्मेल डोंगरावरचा अग्नी रंगवून सांगतो आणि पुढचा अध्याय घाईत उरकतो. तो उघड, पहिला राजे, अध्याय १९. तोच एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत येतो, पण रागावत नाही, समजावतही बसत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवून त्याला उठवतो. एलीया खातो आणि परत झोपतो! दूत त्याला दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला लावतो. देव त्याच्याशी होरेबवर बोलतो ते चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट. काकांच्या आजारपणाच्या चौथ्या वर्षी, पहाटे त्यांच्या चादरी धुताना माझ्या लक्षात आलं की तिच्यात आधी भाकर आहे.

तेव्हा दवाखान्याच्या दिवशी तू आधी पोटभर न्याहारी करायचीस, मग बायबल उघडायचंस. जावईबापूंची भाजी तू उकळून, पाणी काढून टाकून निगुतीने करतेस आणि स्वतः चहात दोन बिस्किटं बुडवून निघतेस, हे मला ठाऊक आहे. ते मशीनवर असताना डोळा लागला तर लागू दे. बाकावर मान टाकून झोपलेल्या बाईकडे देव प्रेमानेच बघतो.

आता शब्दांचं. हे मला माझ्या सासूबाईंनी दिलं. १९७२च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या. हातोडा उचलताना "प्रभू", खाली आणताना "आजचा दिवस निभव". दिवसभर तेवढंच. मला वाटायचं, ही कसली प्रार्थना? पुढे काकांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागायचं. रात्री बारा, दोन, चार. तेव्हा माझ्याही तोंडून तेच चार शब्द निघायला लागले. गेथशेमानेत येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, असं मत्तय लिहून ठेवतो. प्रभूला त्या रात्री नवे शब्द शोधावे लागले नाहीत. तूही एक वाक्य ठरव आणि ते एखाद्या कामाला बांधून टाक. जावईबापूंच्या हातात सुया टोचतात ना, त्या घटकेला म्हण. प्रार्थनेला वेगळा वेळ मिळाला नाही म्हणून मन खात राहणार नाही.

राग येतो का, असं मी विचारलं तेव्हा तू विषय बदललास. पोरी, स्तोत्र ८८ एकदा मोठ्याने वाच. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटाकडे आशेला येऊन टेकतात. हे अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी ते काढून टाकलं नाही. मी एकदा रात्री न्हाणीघरात नळ सोडून देवाला तोंडाला येईल ते बोलले. सकाळी काका तसेच होते, घर तसंच होतं. पण त्याआधी चार महिने मी देवाशी एक अक्षर बोलले नव्हते. भांडणाने का होईना, बोलणं सुरू झालं.

देवाला तारीख मात्र देऊ नकोस. मी दिली होती. चाळीस दिवस उपास केले आणि मनाशी धरलं की ईस्टरला हे पाय टाकतील. ईस्टर आला, गेला. त्या रविवारी मी जितकी मोडले तितकी त्यांना झटका आला तेव्हाही मोडले नव्हते. नंतर समजलं की मी नवस बोलले होते, नाव तेवढं ख्रिस्ती दिलं होतं. मागणं रोज कर, हट्टाने कर. मुदत घालू नकोस.

कुणी भेटायला येऊन म्हणेल, "विश्वास कमी पडतोय." मलाही म्हणालेत, काकांच्या उशाशी बसून म्हणालेत. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता का? तुला कुणी असं बोललं तर सोडून दे. जावईबापूंच्या समोर बोललं तर उठून उभी राहा आणि तिथल्या तिथे थांबव. आजारी माणसाच्या माथी त्याच्याच दुखण्याचा दोष मारणं मला आजही सहन होत नाही.

रविवारी चर्चला जात जा, उशीर झाला तरी जा, मागे बस. गाता आलं नाही तर उपासना संगीत हातात धरून उभी राहा, शेजारची बाई तुझ्या वाट्याचं गाईल. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात मोशेचे हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि दोन बाजूंनी हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. हात दुसऱ्यांनी धरले म्हणून ती प्रार्थना मोशेची राहिली नाही का? महिला मंडळाला नुसतं "प्रार्थनेत आठवा" सांगून घरी येऊ नकोस. "बुधवारी दुपारी दोन ते सहा त्यांच्याजवळ कुणी बसेल का?" असं विचार. लोकांना यायचं असतं, काय करावं ते कळत नसतं. आणि प्रभूभोजन चुकवू नका. पाण्याचा घोट-घोट मोजणाऱ्या जावईबापूंनाही तो इवलासा पेला चालतो.

नगरहून दौंडमार्गे पुण्याला येताना वाटेत केडगाव लागतं. तिथून गाडी जाते तेव्हा मी दर वेळी खिडकीशी सरकते. पंडिता रमाबाईंनी तिथे बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणलं. बरीच वर्षं ते काम चाललं होतं. १९२१च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. त्यांना कानांनी आधीच दगा दिला होता. रमाबाई पुन्हा त्याच कागदांपाशी बसल्या, भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ला गेल्या. छापून झालेलं बायबल काही त्यांना हातात घेता आलं नाही. त्यांच्या मनात त्या महिन्यांत काय चाललं असेल, कोण जाणे. पण रोजचं काम हातात होतं. तुझं शिवणकाम बंद करू नकोस म्हणते ते यासाठीच. दिवसाला एक बाही शिवून झाली तरी पुरे.

एक गोष्ट तू अर्धवट बोललीस, ती मी विसरलेले नाही. दुसऱ्या एखाद्या घरावर आकाश कोसळेल तेव्हाच आपल्याकडे तो फोन येईल, मग मी मागते तरी काय, असं तू म्हणालीस. मला यावर बरेच दिवस उत्तर सुचलं नाही. आता असं वाटतं: किडनी मागण्याआधी त्या घरासाठी माग. ती माणसं आज कुठेतरी जेवताहेत, हसताहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो म्हण, मनापासून म्हण. आणि तशी वेळ त्यांच्यावर आलीच, तर त्या तासाला त्यांच्याजवळ कुणीतरी असावं, एवढं माग. जावईबापूंनाही हे सांग. दोघांनी मिळून मागा.

बुधवारी मी सकाळच्या गाडीने येते. दोन ते सहा मी बसेन. भाकरी बांधून आणते, मेथीची भाजी आणते, ती तुझ्यासाठी. त्यांच्या पथ्याचं तू सांगशील तसं करू. आणि जाडी गोधडी आणते, त्या बाकावर पाठ टेकायला बरी पडेल.

तुझी मावशी