जुनी गाडी आणि जळका वास : सौद्यापूर्वीची पारख

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आठवडी बाजार करणारा कापडवाला, बांगडीवाला, फळविक्रेता, लाकूडकाम करणारा कारागीर किंवा भंगाराचा व्यापारी, यांचा धंदा आज चारचाकीवर चालतो. मूल, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, अहेरी असा मालासह फेरा एस.टी.च्या भरवशावर होत नाही. नवी गाडी घेण्याइतके भांडवल मात्र थोड्यांकडेच असते. म्हणून एम.एच. ३३ किंवा एम.एच. ३४ पासिंगची जुनी पिकअप, छोटा हत्ती किंवा व्हॅन घेतली जाते.

अशी गाडी घेताना टायर, पत्रा आणि इंजिनाचा आवाज सर्वच जण पाहतात. वासाकडे लक्ष देणारे कमी. बिघडलेला भाग तुटण्याआधी पुष्कळदा तापतो आणि तापला की वास सोडतो. हा वास वेळीच ओळखला तर थोड्या खर्चात काम भागते. दुर्लक्ष केले तर वर्षाची कमाई गॅरेजमध्ये जाते, किंवा जंगलाच्या रस्त्यावर मालासकट गाडी पेटते.

वास गाडीचाच आहे का?

आपल्या भागात हा प्रश्न आधी विचारावा लागतो. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर या कोळसा पट्ट्यात साठलेला कोळसा आतल्या आत तापून धुमसतो. त्याचा वास दूरवर जातो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्याचा धूर रस्त्यावर येतो. गाडी दोन-चार किलोमीटर पुढे नेऊन मोकळ्या जागी उभी करा. वास मागे राहिला तर तो बाहेरचा. सोबत आला तर गाडीचा.

प्रत्येक वासाचा पत्ता वेगळा

१) जळक्या कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा वास : चढावर, चिखलात किंवा भरलेली गाडी उचलताना आला, तर क्लच प्लेट घसरते आहे असे समजावे.

२) उग्र, नाकाला झोंबणारा वास, एखाद्या चाकाजवळ जास्त : ब्रेक अडकतो आहे. हँडब्रेकची केबल गंजलेली असते किंवा व्हील सिलिंडर परत फिरत नाही. नाले ओलांडणाऱ्या गाडीत हबमध्ये पाणी जाऊन ग्रीस धुतले जाते; मग बेअरिंगही असेच तापते.

३) करपलेल्या तेलाचा वास, बॉनेटखालून निळसर धूर : टॅपेट कव्हरचे पॅकिंग किंवा ऑइल सील गळून इंजिन ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडते आहे. पॅकिंग स्वस्त असते. पण गळती जुनी असेल तर तेल कमी पडून इंजिनच बसण्याची भीती असते.

४) काकवीसारखा गोडसर वास : कुलंट गळते आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा अशी गाडी हमखास तापते. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

५) रबर जळल्याचा वास, सोबत चिरका आवाज : फॅन बेल्ट सैल आहे किंवा बेल्टवरची एखादी पुली जाम झाली आहे.

६) सडक्या अंड्यासारखा वास : बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होत आहे. अल्टरनेटर आणि त्याचे रेग्युलेटर तपासावे.

७) प्लास्टिक जळल्याचा वास : रस्त्यावरची पॉलिथिनची पिशवी सायलेन्सरला चिकटली असेल तर ती वितळून वास येतो. आधी गाडीखाली वाकून पाहावे. तेथे काही नसेल तर हा वास वायरिंगचा समजावा. सर्वांत धोक्याचा हाच.

नव्या क्लच प्लेटला, नव्या ब्रेक लायनरला आणि नव्या सायलेन्सरला पहिले काही दिवस वास येतो, तो दोष नव्हे. मात्र विकणारा तसे सांगत असेल तर बिल पाहावे.

वायरिंगकडे विशेष लक्ष

जुन्या मालवाहू गाडीत टेप, भोंगा, जादा दिवे, मोबाइल चार्जर अशा वस्तू मागाहून बसवलेल्या असतात. मूळ वायर कापून जोड दिलेले असतात, आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घातलेली असते. फ्यूज हा गाडीचा पहारेकरी आहे. त्याच्या जागी तार घातली की वायर तापते, पण वीज तुटत नाही.

२०१० साली टाटा नॅनोच्या काही गाड्यांना आग लागली होती. कंपनीच्या चौकशीत बाहेरून बसवलेली विजेची उपकरणे आणि सायलेन्सरवर राहिलेली परकी वस्तू ही कारणे पुढे आली. त्याच वर्षी कंपनीने ग्राहकांच्या गाड्यांत जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले. नव्या गाडीत जे घडले ते दहा हातांतून गेलेल्या गाडीत सहज घडू शकते.

पुराची गाडी हा याच प्रकरणाचा दुसरा भाग. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. जुलै २०२२ मध्ये दोन्ही जिल्ह्यांना पुराने वेढले. भामरागडला तर पर्लकोटेचे पाणी वारंवार शिरते. बुडालेली गाडी धुऊन-पुसून सुरू होते, पण वायरच्या जोडांत गंज चढत राहतो आणि काही महिन्यांनी तेथे ठिणग्या पडू लागतात. सीटखालचे रूळ, पायाखालच्या चटईची खालची बाजू, डॅशबोर्डमागचे स्क्रू आणि हेडलाइटचा आतला भाग पाहावा. तेथे गाळाची रेघ किंवा गंज दिसला तर गाडी स्वस्त का आहे ते कळते.

तपासणीचा क्रम

गाडी पाहायला जाताना ओळखीचे मिस्त्री सोबत न्यावेत आणि हा क्रम पाळावा.

पहिले, इंजिन थंड असताना पोहोचावे. बॉनेट आधीच गरम असेल तर गाडी आपल्यासाठी तापवून ठेवली आहे. थंड होईपर्यंत थांबावे. इंजिन नुकतेच धुऊन चकचकीत केले असेल किंवा केबिनमध्ये सुगंधाचा फवारा मारलेला असेल, तर अधिक सावध व्हावे. तेलाचे डाग धुऊन जातात, गळती जात नाही.

दुसरे, चावी फिरवून दिवे, वायपर, भोंगा, पंखा एकेक करून दोन-दोन मिनिटे चालवावे. कशावर वास येतो ते लक्षात ठेवावे. फ्यूजचा डबा उघडून पाहावा.

तिसरे, इंजिन दहा मिनिटे उभ्याने चालू ठेवून बॉनेट उघडे ठेवावे. हात आणि कपडे पंख्यापासून दूर ठेवावेत.

चौथे, मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. समोर कोणी उभे राहू नये. इंजिन बंद पडले तर प्लेट ठीक. चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही कसोटी एकदाच करावी.

पाचवे, गाडीत वजन टाकून पंधरा-वीस किलोमीटर चालवावी. रिकाम्या गाडीचे दोष लपतात. थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा, पण ड्रमला लावू नये. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल तर दोष तेथे आहे.

जंगलाच्या रस्त्यावर

पानगळीनंतर सागाची वाळलेली पाने आणि गवत गाडीखाली, वायपरजवळच्या खाचेत आणि इंजिनाच्या आडोशाला साचते. तेथे उंदीर घरटे करतात आणि वायर कुरतडतात. आठवड्यातून एकदा हे सर्व काढावे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बी.एस. ६ गाड्यांपैकी बहुतेक डिझेल गाड्यांत धुराची काजळी जाळणारा फिल्टर असतो. काजळी जळताना त्याचे तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. त्या वेळी थोडा गरम वास येणे स्वाभाविक आहे. पण अशी गाडी वाळल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर उभी करू नये. एक ठिणगी जंगल पेटवते.

चालत्या गाडीत प्लास्टिकचा वास आणि धूर आला तर गाडी पाचोळ्यापासून दूर, कडेला घ्यावी, इंजिन बंद करून सर्वांना उतरवावे. बॉनेटखाली ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट एकदम उघडू नये. हवा मिळून आग भडकते. नुसता वास असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. कोरड्या पावडरचे अग्निशामक गाडीत ठेवावे. तेलाच्या आगीवर पाणी टाकू नये.

विकणाऱ्याची जबाबदारी

आज घेणारा उद्या विकणारा होतो, म्हणून ही गोष्टही समजून घ्यावी. सहीह मुस्लिममध्ये प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात, तो आत ओल लागते. मालक पावसाचे कारण सांगतो. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषित (स.) विचारतात आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही असे बजावतात. माल खराब होणे हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता, लपवणे हा होता. धुतलेले इंजिन आणि सुगंधी केबिन ही आजची वरून कोरडी दिसणारी रास आहे.

दोष लपवून माल विकला गेला तर तो परत करण्याचा घेणाऱ्याचा हक्क फिकहमध्ये ‘खियारे ऐब’ म्हणून मान्य आहे. त्याचा तपशील आलिमांकडून समजून घ्यावा. देशाच्या कायद्यात, स्वतःच्या रोजीरोटीसाठी स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक ठरतो. पण जुनी गाडी एका खासगी मालकाकडून घेताना लेखी कागदच जास्त उपयोगी पडतो. म्हणून बयाण्याच्या पावतीवर माहीत असलेले दोष लिहून दोघांनी सह्या कराव्यात, गाडी पुरात बुडाली होती की नाही हेही लिहून घ्यावे, आणि नावावर करण्याचे फॉर्म २९ व ३० त्याच वेळी भरून घ्यावेत.

क्लच घसरतो हे सांगून विकलेली गाडी काही हजार कमी आणते. न सांगता विकलेली गाडी गिऱ्हाईक, त्याची बिरादरी आणि बाजारातले नाव एकदमच घालवते. खरे सांगून झालेल्या सौद्यात बरकत आहे, आणि लहान गावाच्या बाजारात तर तीच खरी पुंजी असते.