हवेचा दाब आणि एंजिनाची सहनशक्ती

१९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने मध्यम आकाराच्या मोटारीत आपले मोठे ‘व्ही-८’ एंजिन बसवून ‘जीटीओ’ हा प्रकार अमेरिकेच्या बाजारात आणला आणि तेथे ‘मसल कार’ या दांडग्या मोटारींचे युग सुरू झाले. त्या काळी शक्ती वाढवायची म्हणजे एंजिनाचे आकारमान वाढवायचे, अशीच सर्वसाधारण रीत होती. आज या जुन्या गाड्या जतन करणारे लोक मात्र दुसऱ्या मार्गाकडे वळतात. एंजिन तेच ठेवून त्यात अधिक हवा कोंबणे, हा तो मार्ग होय.

साधे एंजिन वातावरणाच्या दाबाने आत शिरेल तेवढ्याच हवेवर चालते. समुद्रसपाटीवर हा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. त्यात ७ पौंडांची भर घातली, तर तापणाऱ्या हवेमुळे होणारी घट सोडता, सिलिंडरात सुमारे दीडपट हवा जाते. तिच्या प्रमाणात पेट्रोल पुरवले की शक्ती वाढते.

हे काम तीन प्रकारच्या यंत्रांनी साधते. एकोणिसाव्या शतकात इंडियाना राज्यातील रूट्स बंधूंनी तयार केलेला पंखा भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी वापरला जाई. पुढे तो जनरल मोटर्सच्या डीझेल एंजिनांवर आला आणि तेथून शर्यतीच्या शौकिनांनी तो उचलला. एंजिनाच्या माथ्यावर बसणारा हा सुपरचार्जर कमी वेगातही भरपूर दाब देतो, पण हवा फार तापवतो. दुसरा प्रकार केंद्रोत्सारी सुपरचार्जरचा. याचा दाब एंजिनाच्या वेगाबरोबर चढत जातो. म्हणून जुन्या एंजिनास तो त्यातल्या त्यात सौम्य ठरतो. १९६६ च्या शेल्बी ‘जीटी ३५०’ मोटारीसाठी पॅक्स्टन बनावटीचे असे यंत्र मिळत असे. हे दोन्ही प्रकार पट्ट्याने फिरतात व एंजिनाचीच काही शक्ती खातात. टर्बोचार्जर मात्र बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर फिरतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे एकस्व घेतले होते. त्यात शक्तीची बचत होते. परंतु पेडल दाबल्यावर दाब येण्यास किंचित विलंब लागतो, आणि अरुंद जागेत नळ्यांची फेरमांडणी करणे हे मोठे किचकट काम असते.

यंत्राची निवड येथे संपते, असा पुष्कळांचा समज असतो. खरा प्रश्न संपीडन गुणोत्तराचा आहे. साठच्या दशकातील पुष्कळ शक्तिशाली एंजिनांत हे गुणोत्तर १० च्या वर होते, कारण तेव्हा शिसेयुक्त उंची पेट्रोल सहज मिळे. अशा एंजिनात आणखी दाब भरला, की ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते, ठोके बसू लागतात आणि ओतीव दट्ट्या फुटतो. ओल्ड्समोबीलच्या १९६२ च्या ‘जेटफायर’ मोटारीत १०.२५ गुणोत्तरावर टर्बोचार्जर बसवला होता. ठोके टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एंजिनात सोडावे लागे, आणि त्याची टाकी भरण्याकडे मालकांचे दुर्लक्ष होई. १९६३ नंतर ती गाडी निघाली नाही. याउलट २०१५ च्या डॉज ‘हेलकॅट’चे ७०७ अश्वशक्तीचे एंजिन मुळातच सुपरचार्जरसाठी आखलेले होते. त्याचे दट्ट्ये घडीव होते व गुणोत्तर ९.५ ठेवले होते.

पेट्रोलचा पुरवठाही असाच फसवा असतो. दाबाखालील हवा कार्ब्युरेटरमधून नेली आणि पेट्रोलचा पंप जुनाच ठेवला, तर त्याचा सुमारे ६ पौंडांचा दाब ७ पौंडांच्या हवेपुढे अपुरा पडतो. मग ऐन जोराच्या क्षणी मिश्रण विरळ होते. नवा पंप आणि हवा थंड करणारा इंटरकूलर यांचा खर्च म्हणूनच प्रथम धरावा. सुपरचार्जरच्या किमतीतून उरले तर पाहू, हा हिशेब महागात पडतो.

मूळ क्रमांकाचा एंजिन-ठोकळा एकदा तडकला, की गाडीची बाजारातील किंमतही मोठ्या प्रमाणात घसरते. यासाठी जाणते मालक तो ठोकळा काढून, तेल लावून जपून ठेवतात आणि दाबाचे प्रयोग दुसऱ्या ठोकळ्यावर करतात.