दुखण्याची गोळी अडते तेव्हा

मांजरी बुद्रुक, पुणे

चि. भाच्यास,

माजी सैनिकाच्या दुखण्यावरची गोळी अडते ती मुख्यतः दोन कारणांनी: एक तर दवाखान्यात साठा नसतो, किंवा औषध असूनही कायद्याने त्यावर निर्बंध असतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. म्हणून खिडकीवर हुज्जत घालण्याआधी कारण कोणते ते नीट विचारावे.

पहिले कारण साठ्याचे. निवृत्त सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. तिची औषधे तिच्या दवाखान्यातून, म्हणजे पॉलिक्लिनिकमधून मिळतात, आणि योजनेच्या यादीवरच्या खासगी रुग्णालयातील तज्ज्ञाने लिहून दिलेल्या औषधांसाठीही सहसा तिथेच यावे लागते. मांजरीहून पॉलिक्लिनिकसाठी कॅम्पकडे जायचे तर हडपसरची गर्दी ओलांडण्यात अर्धा दिवस जातो. त्यामुळे शेवटची पट्टी फोडल्यावर निघण्यात अर्थ नाही. किमान आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच जावे. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव आणि मात्रा असली, तर दुसऱ्या कंपनीची तीच गोळी घेता येते.

गोळी शिल्लक नसेल, तर ‘औषध उपलब्ध नाही’ असा शेरा, तारीख, सही आणि शिक्का त्याच दिवशी चिठ्ठीवर घ्यावा. नुसत्या तोंडी उत्तरावर परत फिरू नये. योजनेच्या अधिकृत स्थानिक औषध विक्रेत्याकडून गोळी मिळेल का, बाहेर विकत घेतल्यास खर्च परत मिळेल का आणि त्याला मर्यादा किती, हे विकत घेण्याआधीच विचारावे. खर्चाच्या मागणीसोबत मूळ बिल, चिठ्ठी आणि हा शेरा लागतो. प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स घरी ठेवावी.

दुसरे कारण कायद्याचे. ट्रामाडॉल हे तीव्र वेदनांवरचे औषध शेड्यूल एच-१ या निर्बंधित औषधांच्या अनुसूचीत आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या अनुसूचीतील औषधांसाठी दुकानदाराला डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. २०१८ मध्ये ट्रामाडॉल १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आले. म्हणून जुन्या चिठ्ठीवर किंवा मोबाइलमधल्या फोटोवर ते देण्यास दुकानदार नकार देतो, तो आडमुठेपणाने नव्हे. मॉर्फिनची गोष्ट आणखी निराळी. २०१४ च्या दुरुस्तीने त्याचे नियम सुटसुटीत झाले, तरी ते मुख्यतः मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधून मिळते. गल्लीतल्या मेडिकलमध्ये शोधण्यात वेळ घालवू नये. कर्करोगाच्या वेदनांसाठी वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून काम करते.

गोळी मिळेपर्यंतचे दिवस सर्वांत जोखमीचे. बरेच महिने चाललेले ट्रामाडॉल अचानक बंद झाले, तर घाम, बेचैनी, जुलाब, अंगदुखी आणि निद्रानाश सुरू होतो. मज्जातंतूंच्या वेदनेवरचे गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिनही एकदम थांबवू नये. अपस्माराच्या रुग्णाला त्याने झटका येऊ शकतो. उरलेल्या गोळ्या पुरवायच्या कशा, हे डॉक्टरांना फोन करून ठरवावे. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, आणि चुकलेल्या मात्रेची भरपाई म्हणून दुप्पट गोळ्या तर कधीच नाही. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सहज मिळते म्हणून निरुपद्रवी समजू नये: वृद्धाच्या मूत्रपिंडाला, पोटाला आणि रक्तदाबाला ते महाग पडते. पॅरासिटामॉलही सर्दीच्या गोळीत लपलेले असते. निरोगी प्रौढानेसुद्धा दिवसात चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, यकृताचा आजार असल्यास ती आणखी खाली असते. श्वास मंदावणे, भ्रम किंवा फिट दिसल्यास १०८ ला फोन करावा.

अवयव गमावलेल्या सैनिकाला नसलेल्या पायाचा अंगठा दुखतो, तो भास नव्हे. ही मज्जातंतूंची वेदना असते, आणि साध्या वेदनाशामकाचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. खुंटाचे दुखणे मात्र वेगळे: पुण्यात १९४४ पासून असलेल्या आर्टिफिशियल लिंब सेंटरसारख्या ठिकाणी कृत्रिम पायाची बसण तपासून घेतल्यास दाबाने होणारे हे दुखणे कमी होऊ शकते, मग गोळ्यांची गरजही घटते.

उशीर वारंवार होत असेल, तर तक्रार पायरीपायरीने करावी: आधी पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे लेखी, मग ईसीएचएसच्या प्रादेशिक केंद्राकडे, त्यानंतर केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. तक्रारीत रागापेक्षा तारखा असाव्यात: चिठ्ठी कधी मिळाली, शेरा कधी पडला, गोळी किती दिवस नव्हती आणि त्या दिवसांत रुग्णाची झोप, चालणे, दुखणे कसे होते. या नोंदी रोज एका वहीत ठेवल्या, तर अधिकाऱ्याला उत्तर देणे भाग पडते आणि डॉक्टरांनाही मात्रा ठरवणे सोपे जाते.

तुझा,
मामा