हिवाळ्यात पिल्लांचं शेड गरम कसं ठेवायचं? बल्ब, गॅस की शेगडी : खर्च आणि नियम दोन्ही बघून ठरवा

व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून आजचा हिशोब इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊनच बसा.

विषय हिंगणा तालुक्यातल्या लहान पोल्ट्रीचा आहे. एमआयडीसीत शिफ्ट करायची आणि गावातल्या जागेवर 500 पिल्लांचं शेड टाकायचं, असा विचार करणारे इथे बरेच आहेत. नागपूर म्हटलं की सगळ्यांना उन्हाळा आठवतो आणि कूलर-फॉगरचा खर्च आधी धरला जातो. पण 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर गेला होता. शहराबाहेर मोकळ्या शिवारात थंडी आणखी बोचते. एका दिवसाच्या पिल्लाला मात्र पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बाहेर 8 आणि आत 35. हा 27 अंशांचा फरक तुम्हाला विकत घ्यायचा आहे, आणि कंपनीसोबत करार पद्धतीने काम करत असाल तर विजेचं बिल बहुतेक तुमच्याच माथी असतं.

म्हणून हीटर घेण्याआधी शेड बघा. पत्र्याचं छप्पर रात्री भराभर थंड होतं आणि गरम हवा वर जाऊन तिथेच निवते. अख्खं शेड तापवायच्या भानगडीत पडूच नका. एका कोपऱ्यात पडदे लावून खोली करा, डोक्याच्या थोडं वर ताडपत्रीचं खोटं छत बांधा, खाली भाताच्या तुसाचा दोन-तीन इंच थर द्या. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून तूस सहज येतं. पिल्लांभोवती दीड फूट उंच गोल पत्रा किंवा पुठ्ठा, म्हणजे चिक गार्ड. एवढं केलं की तापवायची जागा एकदम लहान होते. फक्त पडदा वरच्या बाजूने वीतभर उघडा ठेवा. का ते गॅसच्या हिशोबात येतंच.

आता वीज. हिवाळ्यात पिल्लामागे 2 वॅट धरा. 500 पिल्लं म्हणजे 1,000 वॅट, म्हणजे तासाला एक युनिट. पहिल्या आठवड्यात दिवसाला वीसेक तास, दुसऱ्यात रात्रीचे बारा, तिसऱ्यात पहाटेचे पाच-सहा. सगळं मिळून 266 निघतात, आपण 300 युनिट धरू. पिवळा बल्ब किंवा 250 वॅटचा लाल इन्फ्रारेड बल्ब चालतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही! तो उजेड देतो, ऊब देत नाही. बल्ब वायरवर लटकवू नका, साखळीने टांगा. निसटून तुसात पडला तर आग लागायला वेळ लागत नाही. बोर्डावर ईएलसीबी हवाच.

पण खरा घोळ कनेक्शनमध्ये होतो. शेतात पंपाचं मीटर आहेच, त्यावरूनच शेडला वायर ओढू, असं अनेकजण ठरवून टाकतात. दोन कारणांनी हे करू नका. एक म्हणजे पंपाच्या फीडरला वीज ठरलेल्या पाळीत येते, आणि पहाटे चारला लाइट नसेल तर पिल्लं ऊब शोधत एकमेकांवर चढतात, खालची गुदमरून मरतात. थंडीपेक्षा या ढिगाऱ्यातच जास्त जातात. दुसरं, ज्या कामासाठी वीज मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कामाला वापरली, तर विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 खाली लागू असलेल्या दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून चालू होता ते कळलं नाही तर मागच्या 12 महिन्यांची. घरच्या मीटरवरून शेड चालवलं तरी हेच कलम आड येतं. एका बॅचचा नफा सोडा, वर्षाची कमाई जाईल.

चांगली गोष्ट अशी की पोल्ट्रीसाठी महावितरणकडे वेगळा वर्ग आहे: लघुदाब ‘कृषी - इतर’. ब्रॉयलर, लेअर, हॅचरी, रोपवाटिका, मशरूम हे सगळं त्यात बसतं. अर्ज करताना हे नाव स्वतः लिहा, आणि लोड लिहिताना बल्बसोबत मोटर, पंखेही धरा. ‘दुकान-व्यवसाय’ म्हणून अर्ज गेला तर महागड्या व्यापारी दराचं बिल येत राहील.

गॅसचं गणित सोपं आहे. एक किलो एलपीजीत साधारण 12.7 युनिट उष्णता असते. 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये 240 युनिट. तुमच्या एजन्सीचा आजचा भाव 240 ने भागा. समजा सिलिंडर 1,800 ला पडला, तर उष्णतेचं एक युनिट साडेसात रुपयांना. शेजारी विजेच्या बिलातला सगळे आकार धरून पडणारा दर लिहा, म्हणजे कळेल स्वस्त काय. घरचा 14.2 किलोचा लाल सिलिंडर शेडला लावून हे गणित ‘सुधारू’ नका, तो व्यवसायाला वापरणं बेकायदा आहे. साठाही लक्षात ठेवा: परवान्याशिवाय 100 किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो, म्हणजे 19 किलोचे पाच सिलिंडर.

गॅसची एक गंमत कोणी सांगत नाही. जळताना त्यातून पाणी तयार होतं. अख्खा सिलिंडर जळला की जवळपास 30 लिटर पाणी वाफ होऊन शेडच्या हवेत मिसळतं! शेड घट्ट बंद असेल तर ते तुसात उतरतं, ओलं तूस अमोनिया सोडतं, डोळे चुरचुरतात आणि कॉक्सिडिओसिसला आमंत्रण मिळतं. वरची वीतभर फट याच्यासाठी.

राहिली कोळशाची शेगडी. किलोमागे सात-आठ युनिट ऊब देते, कागदावर स्वस्त दिसते. माझं मत स्पष्ट आहे: धुराडं नसलेली शेगडी बंद शेडमध्ये ठेवायचीच नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पिल्लांचं नुकसान भरून निघेल, पण रात्री राखणीला शेडमध्ये झोपतो तो तुमचा भाऊ किंवा गडी असतो. त्याला झोपेतून जाग येत नाही. बुखारी वापरायचीच असेल तर धुराची नळी छताबाहेर काढलेलीच घ्या, आणि झोपायची जागा वेगळी करा.

500 पिल्लांसाठी मी स्वतः काय निवडेन? योग्य वर्गातली वीज मुख्य, आणि लाइट गेली की पेटवायला एक गॅस ब्रूडर. इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका: 150 एएचच्या बॅटरीत कागदावरही 1.8 युनिटच असतात, दोन तासांच्या आत खेळ खल्लास. पुढे 5,000 पक्ष्यांच्या वर जायचा विचार असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, शेडची जागा निवडतानाच ते बघून ठेवा.

चालू झाल्यावर थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा, भिंतीवर तुमच्या डोळ्यांसमोर नको. आणि त्याहून जास्त विश्वास पिल्लांवर ठेवा. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडी टाकून बसली तर गरम होतंय, एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा येतोय. सगळीकडे पसरून दाणा खात असतील तर बल्बला हात लावू नका.

पिल्लांची ऑर्डर पक्की करण्याआधी एक काम करा. तूस पसरून, पडदे बांधून शेड एक रात्र रिकामंच तापवा. संध्याकाळी मीटरचा आकडा लिहा, पहाटे पाचला उठून परत लिहा आणि थर्मामीटर बघा. 33 च्या खाली असेल तर पिल्लं आठवडाभर पुढे ढकला आणि फटी शोधा.