मुंबईच्या लोकलची पाटी

नाशिकरोडला गाडीत बसणे अवघड नाही. ओळखीचे स्टेशन, ओळखीची माणसे. पंचवटी एक्सप्रेस तर १९७५ सालापासून धावते आहे. पण कल्याण मागे पडले की मुंबईचा मुलूख सुरू होतो. तिथे दर चार-पाच मिनिटांनी एक लोकल येते, अर्धा मिनिट थांबते, निघून जाते. आपण पाटी वाचेपर्यंत ती गेलेली असते. म्हणून ती पाटी कशी वाचायची, ते आज शिकू या.

आमच्या रात्रीच्या वर्गाला सिन्नरकडच्या एक बाई येत. नवऱ्याच्या घशाच्या दुखण्यासाठी त्यांना परळच्या टाटा इस्पितळात बोलावले होते. बाईंना अक्षरे लागू लागली होती. त्यांनी विचारले, "गुरुजी, परळ हे नाव मला वाचता येतं. मग परळची गाडी आली की बसायचं, एवढंच ना?"

एवढेच नाही, मंडळी! मुख्य गोष्ट इथेच आहे. पाटीवर तुमच्या स्टेशनचे नाव मोठ्या अक्षरांत नसते. गाडी जिथे संपते, त्या स्टेशनचे नाव असते. परळ अशी पाटी बघत कोणी फलाटावर उभा राहिला, तर त्याच्या समोरून परळला थांबणाऱ्या किती तरी गाड्या निघून जातील. गावाकडे आपण एस.टी.ची पाटी वाचतो तसेच हे. निफाडला जाणारा माणूस येवल्याच्या गाडीत बसतो की नाही? कारण वाटेत निफाड लागते हे त्याला माहीत असते. मुंबईत ती वाट आधी शिकून घ्यावी लागते.

ती वाट अशी. कल्याणनंतर ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. ठाण्यापुढे मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर. दादरच्या पुढचेच परळ. मग करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मस्जिद आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. शेवटचे नाव लांबलचक, म्हणून पाटीवर 'सीएसएमटी' एवढेच असते. जुनी माणसे अजून त्याला व्हीटी म्हणतात. दोन्ही एकच. भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ती याच वाटेने. ही नावे वहीत दोनदा लिहून काढा. पाठ झाली तर उत्तम, नाही तर तो कागद खिशात ठेवा.

आता दुसरी खूण. काही लोकल धीम्या, काही जलद. धीमी सगळीकडे थांबते. जलद मोठ्या स्टेशनांवरच थांबते; ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर अशी. परळसारखी मधली स्टेशने ती बहुधा सोडून जाते. पाटीवर इंग्रजी 'एस' असेल तर धीमी, 'एफ' असेल तर जलद. बारा की पंधरा हा आकडा डब्यांचा असतो, तो वेळेचा समजू नये. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने लिहितात. १८.१५ असे दिसले तर अठरातून बारा वजा करा, सव्वासहा झाले.

नावांची एक गंमत आहे, पण ती माणसाला चकवते. पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी पालटत राहते. शीवचे सायन होते, वांद्र्याचे बांद्रा होते, परळचे परेल होते. स्टेशन बदललेले नसते. उलट काही नावे सारखी वाटली तरी स्टेशने निराळी असतात. माटुंगा मध्य रेल्वेवर, तर माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर. मुंबईत तीन मुख्य वाटा आहेत: मध्य, पश्चिम आणि हार्बर. पश्चिमेची वाट चर्चगेटहून निघते. मध्य आणि पश्चिम या दोन्ही वाटा दादरला शेजारी येतात. पूर्वी तिथे दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासून मोजत, म्हणून फार घोटाळा होई. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे फलाट १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ झाले आहेत. हे काम त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच करायला हवे होते, असे आमचे मत!

तर त्या बाईंचा बेत आम्ही फळ्यावर मांडला. बेत नेहमी पोचण्याच्या वेळेपासून मागे मोजत यावा. इस्पितळात सकाळी दहाला बोलावले होते. पंचवटी नाशिकरोडहून सातच्या सुमाराला निघते आणि दादरला पोचेतो दहा वाजून जातात. म्हणजे ती उपयोगाची नाही. रात्री-पहाटे विदर्भ-मराठवाड्याकडून येणाऱ्या गाडीने दादर गाठायचे. तिथून सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल, एकच स्टेशन. परळला पूर्वेच्या बाजूने बाहेर पडायचे. टाटा आणि के.ई.एम. ही दोन्ही इस्पितळे त्याच बाजूला आहेत. तिकीट दादरपर्यंतचे असेल तर लोकलचे तिकीट निराळे काढायचे. वर्गातला एक तरुण म्हणाला, "ताई, एवढ्याशासाठी कोण विचारतंय?" तपासनीस विचारतो, आणि दंडाचे पैसे औषधाला लागणारे असतात.

आणखी दोन गोष्टी त्यांना उपयोगी पडल्या. लोकलमध्ये अपंगांसाठी वेगळा डबा असतो. त्यात कॅन्सरच्या रुग्णालाही बसता येते. शिवाय उपचारासाठी लांब गाडीने जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेच्या ठराविक नमुन्यातला दाखला इस्पितळातून घ्यावा लागतो. पहिल्याच खेपेला तो मागून घ्यावा. बाई पहिल्या खेपेला दाखला घेऊनच परतल्या.

रविवारी जायचे असेल तर सांभाळून. त्या दिवशी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेतात, दिवसा काही तास गाड्या कमी होतात, कधी जलद गाडी धीम्या रुळावरून नेतात. गाड्यांच्या वेळाही अधूनमधून बदलतात. आदल्या दिवशी १३९ या क्रमांकावर फोन करून लांब गाडीची वेळ विचारून घ्यावी.

परतीची पंचवटी संध्याकाळी सहानंतर सीएसएमटीहून निघते आणि थोड्या वेळाने दादरला येते. इस्पितळात उशीर होऊन ती चुकली, तर कसारा लोकल धरता येते. कसाऱ्याच्या पुढे घाट आहे. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, वर जाणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावतात. लोकल तिथेच थांबते. पुढे नाशिकला बस किंवा जीप मिळते, पण रात्र झाली की वाहने कमी. म्हणून उगाच शेवटच्या लोकलवर राहू नये.

या लोकलला पुन्हा पाटीकडे नीट बघा. कल्याणला वाट फुटते. एक फाटा कसाऱ्याला, दुसरा कर्जतला. दोन्ही नावे 'क'ने सुरू होतात, गर्दीत घाईने वाचणारा फसतो. पहिल्या अक्षरावर थांबू नका, नाव शेवटपर्यंत वाचा: कसाऱ्यात 'सा' आहे, कर्जतमध्ये 'र्ज'. कल्याण सुटल्यावर खिडकीतून पुढची पाटी वाचावी. शहाड आले तर आपण बरोबर आहोत. विठ्ठलवाडी आले तर गाडी कर्जतकडे चालली आहे. तिथेच उतरावे, पुलावरून पलीकडच्या फलाटावर जावे आणि कल्याणला परत येऊन कसाऱ्याची गाडी धरावी.