टाके पिकू नयेत म्हणून

प्रश्न : आईचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, जाळी बसवणार आहेत. तिला मधुमेह आहे. टाके पिकू नयेत म्हणून काय काळजी घ्यावी?

उत्तर : आधी साखर आटोक्यात आणा, ती वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंचं फावतं. आदल्या रात्री घरी रेझर फिरवू नका. ब्लेडने त्वचेवर न दिसणारे बारीक ओरखडे पडतात आणि जंतू नेमके तिथेच ठाण मांडतात. केस काढावेच लागले तर रुग्णालयात क्लिपरने काढतील. घरी फक्त साबण लावून स्वच्छ आंघोळ.

अँटिबायोटिकचं महत्त्वाचं इंजेक्शन चिरा देण्याआधीच्या साधारण तासाभरात देतात. नंतर ‘खबरदारी म्हणून’ आठवडाभर गोळ्या मागून घेण्यात अर्थ नाही. आपल्याकडे हे पटवणं भलतंच कठीण!

घरी आल्यावर जखमेवर हळद, तूप, पावडर काही नको. भेटायला येणाऱ्यांना ड्रेसिंग उचलून दाखवूही नका. कडांना किंचित लाली चालते; पण ती पसरली, ठणका वाढला, पू आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. जाळी आहे, त्यामुळे टाके निघाल्यावरही निदान ९० दिवस लक्ष असू द्या.