ओतकामाच्या राळेची पारख : लहान भाग घडविणाऱ्यांस काही विचार

कापूस असो वा कडधान्य, नमुना हाती घेऊन पारखल्याखेरीज सौदा करू नये, हे व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु डब्यात बंद होऊन येणाऱ्या द्रवरूप राळेच्या, म्हणजेच रेझिनच्या, बाबतीत हीच पारख सुटते व केवळ किलोच्या भावावर खरेदी होते. गुंड्या, मुठी, विजेच्या उपकरणांचे लहान भाग, नमुन्याचे नग इत्यादी वस्तू ओतून घडविणाऱ्या आमच्या सभासद बंधूंच्या उपयोगास यावे, या हेतूने आम्ही प्रस्तुत विषयाचा थोडक्यात परामर्श घेत आहोत.

२ ऑगस्ट १९५४ रोजी नगर हवेली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली, तेव्हा सिल्वासा हे दमणगंगेकाठचे एक लहानसे गाव होते. पुढे पिपरिया, मसाट, खडोली येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि विक्रीकराच्या सवलतींमुळे सूत व प्लॅस्टिक यांचे अनेक कारखाने येथे आले. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर त्या जुन्या सवलतींचा आधार उरला नाही. आता नफा राहावयाचा तो मालाच्या गुणातून आणि वाया जाणारा नग वाचविण्यातून.

येथे एक भेद प्रथम ध्यानी घ्यावा. यंत्रात वितळवून साच्यात दाबले जाणारे प्लॅस्टिक बिघडले, तर ते दळून पुन्हा वापरता येते. ओतकामाची राळ मात्र रासायनिक क्रियेने एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. बिघडलेला नग म्हणजे राळ, मजुरी आणि वेळ या तिन्हींचे निखळ नुकसान होय. म्हणूनच येथे निवडीस विशेष महत्त्व आहे.

तीन प्रमुख राळा

पहिली पॉलिएस्टर. सुतामुळे हे नाव सिल्वाशात परिचित आहे. परंतु सुताचे पॉलिएस्टर उष्णतेने वितळते, ओतकामाचे वितळत नाही. ही राळ स्वस्त असून रंग उत्तम घेते. गुंड्यांच्या धंद्यात ती फिरत्या पिंपात ओततात, अर्धवट घट्ट झालेल्या पत्र्यातून चकत्या कापतात आणि पूर्ण कडक झाल्यावर त्या कातून काढतात. तिचे दोषही आहेत. घट्ट होताना ती घनफळाने सुमारे ५ ते ८ टक्के आकसते, पातळ भागात ठिसूळ राहते, हवेस उघडा पृष्ठभाग चिकट राहू शकतो आणि तीतील स्टायरीनचा उग्र वास कामगारांस बाधतो.

दुसरी इपॉक्सी. आकसणे कमी, धातूस चिकटण्याची शक्ती मोठी आणि विद्युत्‌रोधक गुण उत्तम; म्हणून विजेच्या भागांसाठी हिला मान आहे. अहमदाबादचे कस्तुरभाई लालभाई यांनी १९४७ साली स्थापन केलेला, आपल्या शेजारच्या वलसाड जिल्ह्यातील अतुलचा कारखाना आज इपॉक्सी राळाही बनवितो. या राळेत हार्डनरचे प्रमाण काट्यावर तोलूनच घ्यावे. तो अधिक घातल्याने काम लवकर होत नाही. उलट नग मऊ राहतो. एकाच वेळी मोठा घाण मिसळल्यास तो स्वतःच्या उष्णतेने तापून धुरावतो. उन्हात ही राळ पिवळी पडते, हेही विसरू नये.

तिसरी पॉलियुरेथेन. ही पातळ असल्याने बारीक नक्षीत सहज शिरते. तिचे अनेक प्रकार अर्ध्या तासाच्या आत साच्यातून निघतात आणि रबरासारख्या लवचीकपणापासून लाकडासारख्या कठीणपणापर्यंत हवा तो गुण मिळतो. परंतु ओलावा हा तिचा शत्रू होय. तीतील आयसोसायनेटचा पाण्याशी संयोग होताच कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो व नग बुडबुड्यांनी भरतो. जून ते सप्टेंबर हे महिने आपल्या प्रदेशात कसे जातात, हे वाचकांस ठाऊकच आहे. पावसाळ्यात लहान डबे घ्यावेत, उघडलेला डबा त्वरित घट्ट बंद करावा आणि साचे व भुकटी आधी तापवून कोरडी करावीत.

हिशेब किलोचा नव्हे, नगाचा

केवळ हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. पॉलिएस्टर २०० रुपये किलो, दुसरी राळ ५०० रुपये किलो आणि नग २० ग्रॅमचा. म्हणजे राळेचा खर्च अनुक्रमे ४ व १० रुपये. सिलिकॉन रबराचा साचा ६०० रुपयांचा. स्टायरीनमुळे तो पॉलिएस्टरमध्ये ३० नगांनंतर निकामी झाला आणि दुसऱ्या राळेत ६० नग टिकला, तर साच्याचा भार नगामागे २० व १० रुपये पडतो. एकूण खर्च २४ विरुद्ध २० रुपये. स्वस्त राळ महाग ठरली! मात्र मागणीच २० नगांची असेल, तर साच्याचा भार दोहोंकडे ३० रुपये होतो आणि ३४ विरुद्ध ४० असा पॉलिएस्टरचा लाभ दिसतो. हजारो नगांची मागणी असल्यास ओतकामाचा मोह सोडून पोलादी साच्याचा मार्ग धरावा. तात्पर्य, नग किती, त्यास कोणते काम करावयाचे आणि तो कोणत्या ऋतूत ओतावयाचा, हे तीन प्रश्न भावाच्या आधी विचारावेत.

कामगारांची काळजी

पॉलिएस्टरचा कोबाल्ट प्रवेगक व पेरॉक्साइड ही दोन द्रव्ये परस्परांत थेट कदापि मिसळू नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी राळेत पूर्ण मिसळावा, नंतरच पेरॉक्साइड घालावे. इपॉक्सीच्या हार्डनरने त्वचेस कायमची ॲलर्जी जडू शकते आणि आयसोसायनेटच्या वाफेने दमा उद्भवतो. हातमोजे, चष्मा व खेळती हवा यांवरील खर्च हा उत्पादनखर्चाचाच भाग मानावा. आपल्या छपराखाली काम करणाऱ्याचा श्वास बिघडवून मिळविलेली बचत कोणत्याही वहीत जमेच्या बाजूस लिहिता येणार नाही.

नवी राळ घेण्यापूर्वी दहा नग ओतून आठवडाभर ठेवावेत, मोजावेत, वाकवून पाहावेत आणि मगच मोठी खरेदी करावी. धान्याच्या पेढीवर नमुना पाहण्याची जी शिस्त आपल्या वडीलधाऱ्यांनी पाळली, तीच कारखान्याच्या दारीही पाळली जावी, एवढीच आमची विनंती आहे.